पक्की दाढ लवकर आली, दोष दुधाला कशाला?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: पूर्वी सात-आठ वर्षांनी येणारे पक्के दात आता पाचव्या-सहाव्या वर्षीच येतात. कारण काय, तर गाई-म्हशींना टोचलेली इंजेक्शनं आणि ब्रॉयलर कोंबडीतले हार्मोन्स. अशी मुलं वयातही लवकर येतात. तेव्हा पाकिटातलं दूध बंद करा, आणि दुधाच्या दातामागे दुसरा दात दिसला की पुढचा लगेच उपटून घ्या.

आधी वयाचं बघू. खालचे पुढचे दात आणि पहिली पक्की दाढ सहा ते सात वर्षांच्या दरम्यान येतात. साडेपाचला आले तरी बिघडत नाही, आणि मुलींचे मुलांपेक्षा काही महिने आधीच येतात. ही दाढ शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे घरच्यांना एक तर ती दुधाचीच वाटते, नाहीतर ‘काही पडलं नाही, मग ही आली कुठून?’ म्हणून धास्ती बसते.

दातांचं वेळापत्रक पूर्वी काटेकोर होतं, हेही खरं नाही. 1833 च्या इंग्लंडमधल्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत कामाला ठेवण्यावर बंदी आणली. पण वयाचा दाखला आणायचा कुठून? 1837 मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने दात बघून वय ठरवावं असं ब्रिटिश संसदेपुढे मांडलं. त्यातही काही मुलांचं वय वर्षभराने पुढेमागे निघत होतं. तेव्हा ना ब्रॉयलर होती, ना इंजेक्शन.

इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. ते जनावराला पान्हा फोडण्यासाठी देतात. नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचते. म्हणून तर बाळंतपणात ते गोळीने न देता सलाइनमधून देतात. दात उगवण्याशी त्याचा संबंध नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला घातक इंजेक्शन टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि राग यायचाच तर त्या म्हशीच्या हालांचा यावा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत भरते ती निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. एकेका पक्ष्याला हार्मोन टोचत बसणं पोल्ट्रीवाल्याला परवडणारही नाही.

हार्मोनचा दातांशी काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल तर दात लवकर येतात. पण मग वजन घटणं, छातीत धडधडणं अशी लक्षणंही दिसतात. जास्त वजनाच्या मुलांचे दात थोडे आधी येतात, असंही बऱ्याच पाहण्यांत दिसलंय.

वयात येण्याचं भाकीत दातांवरून करू नये. अकाली वयात येणाऱ्या मुलांची हाडं वयाच्या कितीतरी पुढे जातात, दात मात्र जेमतेम. मुलीत आठच्या आत किंवा मुलात नऊच्या आत शरीरात बदल दिसले तर बालरोगतज्ज्ञाकडे जावं.

आता उपटण्याचा सल्ला. खालच्या पटाशीच्या दातांमागे दुसरी रांग दिसणं फार नेहमीचं आहे. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने हलवू द्या. तो पडला की मागचा बहुतेक वेळा जिभेच्या रेट्याने पुढे सरकतो. पुढचा अजिबात हलत नसेल तरच दाखवा.

खरी गोम या मजकुरात आलेलीच नाही. उपदाढा, म्हणजे दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दाढा, यायच्या दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. त्यातली एखादी सात-आठ वर्षांच्या मुलात दिसली, तर ते खरंच लवकर. तिथे चौकशी केली की बहुधा एक किडलेली दुधाची दाढ निघते, ‘पडणारच आहे ना’ म्हणून सोडून दिलेली. तिच्या मुळाशी पू होतो, हिरडीवर फोड येतो, आजूबाजूचं हाड विरघळतं. पक्की उपदाढ त्या दाढेच्या मुळांच्या मधेच घडत असते. वरचं हाड गेलं की ती अर्ध्या मुळावरच बाहेर पडते. एरवी दात बाहेर येतो तेव्हा मूळ दोन तृतीयांश ते पाऊण तयार असतं. ही मात्र बोट लावलं तरी हलते, आणि कधी तिच्यावर तपकिरी डागही असतो. उलट, तीच दाढ चौथ्या वर्षी काढली तर वर हाड भरतं आणि खालची उपदाढ उशिरा येते. तोवर मागची, सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ पुढे सरकून जागा खाते. म्हणून दाढ काढावी लागलीच, तर जागा राखणारी तार बसवायची का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारा. त्याआधी भरून किंवा रूट कॅनाल करून वाचत असेल तर वाचवा.

एकाच बाजूचे दात पुढे पळत असतील, विशेषतः चेहऱ्याच्या त्या बाजूला जन्मापासून लालसर-जांभळा डाग असेल, तर एक्स-रे काढून घ्या आणि तो डाग डॉक्टरांना आवर्जून दाखवा.