हाड जुळते, पण सरळ जुळेलच असे नाही

रविवारी सकाळी सात वाजता मोहनच्या औषधांच्या दुकानाचे शटर अजून खाली असते, आणि त्या दुकानाच्या तीन पायऱ्या हाच गेली वीस-बावीस वर्षे आमचा कट्टा आहे. गेल्या रविवारी विषय शोधावा लागला नाही. मधुमेही रुग्णांना उपवास आणि रसावर ठेवून त्यांचे इन्शुलिन बंद करायला लावणाऱ्या एका शिबिराची बातमी सर्वांनी वाचली होती, आणि नाना उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस राहून आदल्याच रात्री परतला होता. अंगात नवा खादीचा सदरा आणि हातात दुधीच्या रसाची स्टीलची बाटली घेऊन तो सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहिला. बसायला तयारच नव्हता.

"शरीर हाच खरा डॉक्टर आहे," असे म्हणून त्याने सुरुवात केली, आणि पुढची दहा मिनिटे पोटावरची मातीची पट्टी, पहाटेचे कटिस्नान, मीठ न घातलेल्या उकडलेल्या भाज्या आणि संध्याकाळी सातनंतरचा उपवास यांचे वर्णन ऐकवले. "साडेतीन किलो वजन उतरलं, गुडघा दुखायचा थांबला, साखर खाली आली, आणि दहा दिवसांत एक गोळी पोटात गेली नाही. मोहन, तू आता इथे किराणा भर."

"रक्तदाबाचीसुद्धा नाही?" शैलाताईंनी विचारले.

नाना जरा थांबला. "ती घेत होतो. तिथले डॉक्टरच म्हणाले, बंद करू नका."

"म्हणजे तिथले डॉक्टर तुमच्यापेक्षा शहाणे आहेत," शैलाताई म्हणाल्या, आणि मोहनला आलेले हसू त्याला चहाच्या ग्लासात लपवावे लागले.

शैलाताई एका सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात चौतीस वर्षे परिचारिका होत्या. त्या बोलतात कमी. नाना सांगत होता ते सगळे त्यांना खोटे वाटत होते असेही नाही, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे मला महत्त्वाचे वाटते. त्या म्हणाल्या, "नाना, चौतीस वर्षांत मी एकही जखम बरी केलेली नाही. मी ती फक्त स्वच्छ ठेवली. टाके म्हणजे तरी काय, दोन कडा एकमेकींजवळ धरून ठेवायच्या, बाकीचं काम कातडी करते. आठ-दहा दिवसांनी टाके काढले की खालचं सांधलेलं दिसतं, आणि ते सांधण्याचं दुकानात काही मिळत नाही."

नानाला हे आपल्या बाजूचे वाटले आणि तो एक पायरी खाली उतरला. मग त्याने गांधीजींना साक्षीला आणले. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळीला आले, गावकऱ्यांवर रामनाम, सूर्यप्रकाश, माती आणि पाणी एवढ्यानेच उपचार करू लागले आणि पुढचे काम आपले अनुयायी मणिभाई देसाई यांच्यावर सोपवून गेले, हे त्याने आश्रमात ऐकले होते आणि ते खरेच आहे. कटिस्नानाची पद्धत गांधीजींनी जर्मनीतल्या लुई कुन्हे याच्या पुस्तकातून घेतली होती, हेही त्याने सांगितले, मात्र अशा थाटात की जणू कुन्हे त्याच्या शेजारच्या खाटेवर होता.

"आणि 1924?" शैलाताई म्हणाल्या. "येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना पोटदुखीनं ससूनमध्ये आणलं, तेव्हा मातीची पट्टी ठेवली होती का? कर्नल मॅडॉकनी रात्री अपेंडिक्स काढलं. मधेच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी केली. ती झाली म्हणून तुमचं 1946 उजाडलं."

यावर नानाने उत्तर दिले नाही. "अपवाद," एवढेच पुटपुटून तो मोहनकडे वळला, कारण मोहनशी भांडणे त्याला नेहमीच सोपे जाते. साध्या सर्दीला अँटिबायोटिकची पाकिटे कोण विकतो, असा त्याचा सवाल होता. मोहन म्हणाला की गिऱ्हाईकच मागते. शैलाताईंनी त्यालाही सोडले नाही. सर्दी विषाणूने होते, अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, आणि बहुतेक सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. चौथ्या दिवशी गोळी घेतली आणि आठव्या दिवशी नाक मोकळे झाले की श्रेय मात्र गोळीला मिळते. "शरीरानं केलेल्या कामाची मजुरी तू घेतोस, मोहन," हे त्यांचे वाक्य मी घरी गेल्यावर लिहून ठेवले.

नाना खूष झाला, पण ते काही क्षणच. "तुमचा गुडघा का थांबला ते सांगू?" शैलाताई त्याला म्हणाल्या. "वजन उतरलं हे एक. आणि दहा दिवस तुम्हाला कोणी बाजारात पाठवलं नाही, वीजबिल भरायला सांगितलं नाही, ताट समोर आलं आणि समोरून उचललं गेलं, हे दुसरं. तुम्हाला विश्रांतीचं औषध मिळालं. तुमच्या सुनेला मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता, ती कितव्या दिवशी ओट्यापाशी उभी होती?"

पाचव्या, हे आम्हा सर्वांना माहीत होते, कारण त्या दिवशी नाना तिच्याच हातचे पोहे डब्यात घेऊन कट्ट्यावर आला होता. तो काहीच बोलला नाही. मला मात्र या सगळ्या वादातली ही सर्वांत खरी गोष्ट वाटते. शरीर स्वतःला दुरुस्त करते यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्या दुरुस्तीला दिवस लागतात, झोप लागते, पोटभर अन्न लागते, आणि हे सगळे ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांना "निसर्गावर सोडा" असे सांगणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे आहे. रोजंदारीवर जाणारा माणूस ताप उतरवणारी गोळी घेऊन कामावर जातो तो निसर्ग विसरला म्हणून नव्हे, तर संध्याकाळची चूल पेटायची असते म्हणून.

मग गाडी त्या बातमीवर आली. उपवास आणि रस यांनी साखर उतरते तर इन्शुलिनची गरजच काय, हा शिबिरवाल्यांचा प्रश्न नानाने जसाच्या तसा विचारला. स्थूल माणसाच्या मधुमेहात वजन उतरवल्यावर साखर खरोखर ताब्यात येते आणि काहींच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटतातही, हे शैलाताईंनी आधी कबूल केले. पण लहान मुलांना सहसा होतो तो मधुमेह वेगळा. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, आणि त्या पेशी कितीही विश्रांती दिली तरी परत येत नाहीत. "तुमच्या शिबिराचा प्रयोग जगानं आधीच करून पाहिलाय, नाना. 1922 साली टोरांटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. त्याच्या आधी मोठमोठे डॉक्टर या मुलांना उपाशीच ठेवत, कारण दुसरं काही हातात नव्हतं. पोरं हाडांचा सापळा होऊन थोडे दिवस जास्त जगत आणि जात. ज्या शरीरानं आपलीच पेशी मारली, त्यालाच आता डॉक्टर म्हणून बसवायचं?"

कट्टा गप्प झाला. दिगंबर तोपर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. त्याने आपले उजवे मनगट पुढे केले आणि नानाला म्हणाला, "हे बघ, हे निसर्गानंच बरं केलंय."

ती गोष्ट 1994 सालची. पर्वतीच्या पायथ्याशी मॅच चालू होती, नानाने नसलेल्या दुसऱ्या धावेसाठी हाक मारली, दिगंबर पळाला आणि तळहातावर पडला. मनगटाचे हाड मोडले. प्लॅस्टर नको, शरीर जोडून घेते, असे सांगून त्याला एका हाडवैद्याकडे नेणारा माणूसही नानाच होता. हाडवैद्याने लेप लावला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळले, अगदी नियमाप्रमाणे जुळले. मोडल्या जागी आधी रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड धरतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो घट्ट होतो, आणि पुढे कित्येक महिने हाड स्वतःला घडवत राहते. दिगंबरच्या हाडाने यातले काहीही चुकवले नाही. पण मोडलेली टोके कोणी ओढून सरळ केली नव्हती, म्हणून ते जसे होते तसेच, वाकडे जुळले. आज तो रिक्षा चालवतो, मूठ पिळायला त्रास होत नाही, पण तळहात पूर्ण उताणा होत नाही. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला की ते करंगळीच्या बाजूने ओघळून जाते, आणि पुजारी दर वेळी नव्याने पळी भरतो.

"तीस वर्षं तू तो एक रन काढतोयस," नाना म्हणाला.

"रन नव्हताच तो!" दिगंबर आणि मोहन एकदमच ओरडले. मग चेंडू कुठे होता, यष्टिरक्षक कोण होता, यावर पाच मिनिटे गेली.

शैलाताईंनी मनगट हातात घेतले, अंगठ्याने उंचवटा चाचपला आणि म्हणाल्या, "जोड उत्तम आहे. शरीराला जोडता येतं, सरळ कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नसतं. तेवढ्यापुरतं कोणीतरी धरावं लागतं."

नानाने विषय बदलण्यासाठी बाटली उघडली आणि सर्वांना रस देऊ केला. शैलाताईंनी आधी एक थेंब जिभेवर ठेवला. कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडली आहेत, काही दगावलीही आहेत, आणि रस कडू लागला तर पिऊ नये असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीचा स्पष्ट सल्ला आहे, हे त्यांनी नानाला ऐकवले. "कडू नाही, घ्या," त्या म्हणाल्या.

पेले नव्हते, म्हणून नाना तीर्थासारखा एकेकाच्या तळहातावर रस ओतत गेला. दिगंबरने हात पुढे केला तसा रस करंगळीवरून घरंगळून नानाच्या नव्या खादीवर पडला, आणि सगळा कट्टा इतका हसला की समोरच्या दूधवाल्याने वळून पाहिले. नानाही हसला. मग त्याने डावा हात दिगंबरच्या मनगटाखाली घातला, ते अलगद वर उचलून तळहात सपाट धरला आणि बाटली पुन्हा कलती केली.