कांदा खा, पण गोळ्या बंद करू नका

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कांद्यातल्या क्वेर्सेटिनने अल्झायमर आणि कंपवात बरा होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. भरताबरोबर रोज कच्चा कांदा खा, गोळ्या बंद करा.'

'सिद्ध केलंय.' उंदरांवर. क्वेर्सेटिन म्हणजे कांद्यासारख्या वनस्पतींत असणारं एक द्रव्य. कोलंबिया देशातल्या संशोधकांचा 2015 सालचा प्रयोग खरा आहे आणि चांगलाही. तीन महिने क्वेर्सेटिन दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतले अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे, साठे कमी झाले, आठवणीच्या चाचण्याही सुधारल्या. पण त्या उंदरांना अल्झायमर आपणहून झालेला नव्हता; माणसाची बिघडलेली जनुकं घालून तो आणलेला होता. बहुसंख्य रुग्णांत अशी जनुकं नसतातच.

'कच्चा कांदा खा.' त्या उंदरांनी कांदा खाल्लाच नव्हता. वजनाच्या किलोमागे 25 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन एक दिवसाआड थेट पोटाच्या पोकळीत टोचलं होतं. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण 12 ने भागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सव्वाशे मिलिग्रॅम. 100 ग्रॅम कांद्यात ते साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम असतं. भरीत पार्टीत पातीसकट तेवढा कांदा रिचवणारे आपल्याकडे निघतीलही, पण खाल्लेलं क्वेर्सेटिन आतड्यात आणि यकृतात रूप बदलतं. मूळ रूपात ते रक्तात फारच थोडं उरतं, मेंदूपर्यंत त्याहून कमी पोहोचतं.

माणसांवर मोठी चाचणी झाली ती फ्लेव्होनॉइड (क्वेर्सेटिन ज्या गटातलं, ती वनस्पतींतली द्रव्यं) असलेल्या जिंकगो या झाडाच्या अर्काची. अमेरिकेत 75 वर्षांपुढचे 3,000 हून अधिक लोक त्यात होते, सुमारे सहा वर्षं. 2008 साली निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही.

कंपवाताच्या प्रयोगांत उंदराला विष टोचून लक्षणं आणतात, आणि अनेकदा वनस्पतीतला घटक विषाच्या आधीपासून चालू असतो. आपल्या घरातल्या नानांचा हात थरथरायला लागतो, तोवर मेंदूतल्या डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. आधी दिलेलं संरक्षण आणि नंतरचा इलाज यांत फार अंतर आहे.

आणि 'गोळ्या बंद करा'? हे वाचून मला खरंच भीती वाटते. लेव्होडोपा हे कंपवाताचं औषध एकाएकी थांबवलं तर अंग लाकडासारखं ताठरतं, गिळता येत नाही, कधी तीव्र ताप चढून शुद्ध हरपते, जिवावर बेततं. कुणी या मेसेजवरून गोळ्या सोडल्या असतील तर आजच डॉक्टरांना गाठा. ज्यांनी तो पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर लिहा: गोळ्या बंद करू नका.