हारूचं बोलणं आणि मनीची पाल

नमस्कार,

‘माय रूममेट इज अ कॅट’ या जपानी कार्टून म्हणजेच अ‍ॅनिमे मालिकेबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. मांजराच्या तोंडी माणसाचे विचार घातल्यामुळे ही मांजराची गोष्टच राहत नाही, हा तुमचा पहिला आक्षेप. कुत्रं माणसाला जीव लावतं, मांजर फक्त घराला आणि ताटलीला, हा दुसरा. आणि बारा भागांत काही घडतच नाही, हा तिसरा. शेवटी तुम्ही म्हणता, ‘ज्याने मांजर पाळलंय त्याला हे पटणार नाही.’ आमच्या घरी अकरा वर्षं मांजर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. हारू, म्हणजे मालिकेतली मांजर, बोलते, हे खरं. पण ती कुठे बोलते आणि तिला काय कळत नाही, तेही बघा. प्रत्येक भागाचा पूर्वार्ध सुबारूचा असतो, उत्तरार्ध हारूचा, आणि बऱ्याचदा प्रसंग तोच असतो. सुबारू मिकाझुकी हा रहस्यकथा लिहिणारा तेवीस वर्षांचा तरुण. माणसांची त्याला दगदग वाटते. आई-वडील अपघातात गेल्यावर तो घरात आणखीनच कोंडून घेतो. त्यांच्या थडग्यापाशी त्याला हारू भेटते, तीही तिथे ठेवलेल्या नैवेद्यावर डल्ला मारताना. तिला बघून कादंबरीची कल्पना सुचते, म्हणून तो तिला घरी आणतो. त्यात प्रेमाचा भाग नाही. तीही राहते ती खायला मिळतं म्हणून. ताटलीचा जो मुद्दा तुम्ही मालिकेच्या विरोधात मांडलात, तिथूनच तर ती सुरू होते.

हारूला माणसांची भाषा कळत नाही. १९०५ साली कादंबरीकार नात्सुमे सोसेकीने जपानी वाचकांना जे मांजर दिलं, त्याला माणसांचं सगळं कळायचं आणि ते त्यांची टर उडवायचं. हारूकडे ती सोय नाही. तिच्याकडे आहे फक्त रस्त्यावरचा अनुभव. ती भावंडांना सांभाळत वाढली आणि त्यांच्यापासून तुटली. खाल्लं नाही तर जीव जातो, हे तिने पाहिलंय. त्यामुळे लिहिण्याच्या नादात जेवण विसरणारा सुबारू तिला लेखक म्हणून दिसतच नाही. तिला दिसतं एक अशक्त पिल्लू, ज्याला स्वतःचं पोटही भरता येत नाही. याला आपणच जगवायला हवं, असं ती ठरवते. इकडे सुबारूच्या मनात तिच्या त्याच वागण्याचे भलतेच अर्थ चाललेले असतात. दोघांचे अंदाज चुकतात आणि तरी दोघं एकमेकांजवळ सरकत राहतात. मला ही मालिका आवडली ती याचसाठी. हारूचे शब्द माणसाचे आहेत, हे मान्यच आहे. पण त्यामागचं तर्कशास्त्र भुकेचं आणि पिल्लांचं आहे, आणि ते मला मांजराचंच वाटतं.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. काही भागांच्या शेवटी हारूचे विचार फार नीटनेटके होतात, जणू कुणीतरी तिला शिकवून पाठवलंय. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं.

आता घराला जीव लावण्याचं. हा समज कुठून आला, ते उघड आहे. मांजराला त्याचा इलाका लागतो, स्वतःच्या वासाच्या खुणा लागतात. पोत्यात घालून लांब सोडलं तरी ते परत येतं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पण त्यावरून माणूस त्याच्या खिजगणतीत नाही, असं ठरत नाही. जपानमध्येच संशोधक आत्सुको साइतो यांनी २०१३ साली वीस मांजरांना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, आधी अनोळखी माणसांच्या, मग मालकाची. मालकाच्या आवाजाला मांजरांनी कान-मान वळवून प्रतिसाद दिला, पण उठून मात्र आली नाहीत. आपण नेमके इथेच फसतो. जागचं हललं नाही म्हणजे ओळखलं नाही, असं धरून चालतो. २०१९ साली, म्हणजे ही मालिका जपानमध्ये लागली त्याच वर्षी, अमेरिकेत ऑरेगनमध्ये पिल्लांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लू आणि त्याचा माणूस दोन मिनिटं एका अनोळखी खोलीत, मग दोन मिनिटं पिल्लू एकटं, मग माणूस परत. जवळपास ६४ टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर निवांत झाली, त्याच्याशी लगट करून पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. ती खोली त्यांचं घर नव्हती, हे लक्षात घ्या. ओळखीचा होता तो फक्त माणूस.

काही घडत नाही, याबद्दल एवढंच म्हणते: घराबाहेर पाऊल टाकायला कंटाळणारा माणूस मांजराच्या खाण्यासाठी दुकानात जातो आणि तिथल्या मुलीशी धड चार वाक्यं बोलतो. सुबारूसाठी ही घटनाच आहे.

राहता राहिलं आमचं मांजर. मनी नावाची भाटी, पांढरी, कानापाशी काळा ठिपका. आईला ती आवडायची नाही. स्वयंपाकघरात आली की शुक शुक करून हाकलायची. आईचं ऑपरेशन झालं आणि ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत मनीने तिच्या उशाशी चार वेळा मेलेली पाल आणून ठेवली. आई ओरडायची, मी पाल उचलून टाकायचे, मनी दारात बसून बघत राहायची. मनीच्या मनात काय होतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मालिका बघताना मात्र हारू सुबारूला खायला घालायला निघाली, तेव्हा मी थांबले आणि आईला फोन लावला. आई सगळं ऐकून घेत गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, मला तेव्हा जेवणच जात नव्हतं ना.”

तुम्ही पहिला भाग पुन्हा एकदा बघाल का? या वेळी पूर्वार्ध संपला की जरा थांबा, हारू आता काय म्हणेल ते स्वतः ठरवा, आणि मगच उत्तरार्ध लावा. त्यानंतरही पटलं नाही तर जरूर लिहा, मी वाचेन.