एका रविवारी? शक्यच नाही

जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवण्याबद्दलच्या लेखातलं "व्हीसीआर (कॅसेट वाजवणारं यंत्र) हाती आला की एका रविवारी सगळ्या कॅसेट उरकतात," हे वाक्य वाचून हसूच आलं. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीनच तास लागतात. पेन ड्राइव्हवरच्या फाइलसारखी ती कॉपी होत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावीच लागते. आमच्या अकराच कॅसेट होत्या, पण गणपतीत हात घातला तो फराळाच्या चकल्या तळून झाल्या तरी काम चालूच!

आणि बुरशीचं काय? त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही. रत्नागिरीच्या घरी माळ्यावर पंचवीसेक पावसाळे काढलेल्या आमच्या कॅसेट. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीवर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग. मी मोठ्या शहाणपणाने ताईच्या लग्नाची कॅसेट तशीच आत सरकवली. अंतरपाट बाजूला व्हायला आणि पडद्यावर मुंग्या यायला एकच गाठ पडली. बुरशीची घाण व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसली होती, आणि तोच व्हीसीआर ती पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लावतो. शेवटी ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसून दिलं. (कापसाचा बोळा अजिबात नको, तंतू अडकतात.) अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली कॅसेट मात्र अजून तशीच पडून आहे. ती एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीची, आमचा व्हीसीआर फक्त आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीवाला. दोन्ही चालवणारं यंत्र कुणाकडे असेल तर सांगा.