गंमत केली म्हणे!

इंटरनेटवर कुणाची तरी यथेच्छ टर उडवायची आणि कुणी हटकलं की "अरे, आयरनी आहे, म्हणजे उपरोध, कळत नाही का तुला?" वैताग आलाय या उत्तराचा. पळवाट आहे ती, दुसरं काही नाही. अमेरिकी व्यंगचित्रकार मॅट फ्युरीनं 2005 मध्ये काढलेला पेपे बेडूक किती निरुपद्रवी, मित्रांत रमणारा होता! फोरचॅन या निनावी गप्पांच्या संकेतस्थळावरच्या टोळक्यांनी 'गंमत म्हणून' त्याला नाझी गणवेश चढवला, खरे वंशद्वेष्टे त्याच गमतीआड येऊन बसले, आणि 2016 मध्ये अँटी-डिफमेशन लीग या द्वेषविरोधी अमेरिकी संस्थेनं त्याला द्वेषचिन्हांच्या यादीत घातलं. पुढच्या वर्षी फ्युरीनं स्वतःच्याच पात्राला शवपेटीत झोपवलं.

आपल्याकडेही तेच. गावाकडची एखादी बाई हौसेनं, ठेवणीतली साडी नेसून नाचते, व्हिडिओ टाकते. तिच्या चेहऱ्यावर झूम करायचं, वर खिदळण्याचा आवाज चिकटवायचा, खाली लिहायचं "क्रिंज", म्हणजे बघूनच लाज वाटावी असं. तिची लेकरंही ते बघत असतील, हे एकालाही सुचत नाही? नाही आवडलं तर पुढे सरका ना! आणि मनात खरंच द्वेष नसेल, तर हसायला दर वेळी गरीब, सावळा, खेड्यातलाच माणूस कसा सापडतो रे तुम्हाला?