मेल्यावरचा हप्ता आणि जिवंतपणीचा उपचार

गावाकडे सध्या एक वाद जोरात आहे. बुढा गेला. त्यानंतरही त्याच्या खात्यात श्रावणबाळचे आणि किसान सन्मानचे पैसे येत राहिले, घरच्यांनी ते काढून तेरवीला लावले, आणि आता तहसीलमधून वसुलीची नोटीस आली. मेलेल्या माणसाकडून पैसे मागायला सरकारला लाज नाही, असं पारावर म्हणतात. तेही एक वेळ ऐकून घेता येतं. पण त्याला लागूनच दुसरं वाक्य येतं, "अमेरिकेत असं नसते होत," आणि तिथे माझं डोकं फिरतं. मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो. इथे याहून पुष्कळ होतं.

सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे इथलं सरकारी म्हातारपणाचं, पेन्शन एका महिन्याचं पुढच्या महिन्यात मिळतं, आणि माणूस ज्या महिन्यात गेला त्या महिन्याचं एक डॉलरही मिळत नाही. ३० मे रोजी मृत्यू झाला, तर मेचे म्हणून जूनमध्ये आलेले सगळे पैसे परत जातात. फ्युनरल होमवाले, म्हणजे अंत्यविधी करणारे, मृत्यू कळवतात, ट्रेझरी, म्हणजे सरकारी खजिना, बँकेकडे मागणी करते आणि बँक खात्यातून रक्कम काढून देते. वारसाच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. यावर इथे कोणी वादही घालत नाही, कारण ते पैसे त्याचे नव्हतेच.

हे झालं मेल्यानंतरच्या पैशांचं. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, त्याहून पुढे जातं. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्यावर बंधन घातलं, की वयाच्या ५५ नंतर नर्सिंग होमवर किंवा घरी दिलेल्या दीर्घकालीन सेवेवर जो खर्च झाला, तो माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून वसूल करायचा. ओहायो तर ५५ नंतरच्या सगळ्याच उपचारांचा खर्च मागतं. विमा कंपनीमार्फत मेडिकेड असेल, तर राज्याने कंपनीला भरलेला, डॉक्टरचं तोंड न पाहिलेल्या महिन्यांचाही हप्ता हिशेबात धरतात. पाठीमागे बहुतेक वेळा एक जुनं घरच असतं, आणि दावा त्या घरावर येतो. नवरा किंवा बायको जिवंत असेल, २१ वर्षांखालचं मूल असेल, किंवा अंध वा अपंग मूल असेल, तोवर वसुली थांबते. घर आधीच मुलाच्या नावावर करून देणंही सोपं नाही. दीर्घकालीन सेवेच्या मेडिकेडसाठी अर्ज करताना मागच्या ५ वर्षांचे व्यवहार तपासतात, आणि त्यात घर असं फुकट दिलेलं निघालं तर काही काळ ती सेवाच नाकारतात. एक सवलत मात्र मला मनापासून पटते. आईवडिलांच्या घरात निदान २ वर्षं राहून त्यांची सेवा केली, आणि त्यामुळे त्यांना नर्सिंग होममध्ये जावं लागणं लांबलं, अशा मुलाला ते घर देता येतं.

आता आपल्याकडचं बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कोणी नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, फुकट ऑपरेशन करून घेतलं, वर्षभराने ते गेले, तर त्या बिलासाठी कोणी त्यांचं वावर मागत नाही. हयातीत नियमाने मिळालेलं निवृत्तिवेतनही कोणी परत मागत नाही. गरीब माणसाला जिवंतपणी दिलेला आधार त्याच्या मुलांवरचं कर्ज होत नाही. ही आपली मोठी गोष्ट आहे, आणि पारावरच्या वादात तिचं नावही निघत नाही. आपल्याकडे मागतात ते फक्त मृत्यूनंतर चुकून जमा झालेले पैसे. ते परत करायलाच हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ते चुकून जमा का होतात, यावर बोलायला हवं. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथेच होते. खेड्यातला म्हातारा नागपूरच्या दवाखान्यात गेला, की नोंद नागपूर महापालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीच्या वहीत त्याचं नाव येतच नाही, आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेत, जिथून हे निवृत्तिवेतन निघतं, तो पुढची हयात तपासणी होईपर्यंत जिवंत राहतो. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० प्रमाणे आठ महिन्यांचे १२,०००, किसान सन्मानचे दोन हप्ते ४,०००, नमो शेतकरीचे तेवढेच. नोटीस येते तेव्हा आकडा २०,००० झालेला असतो, आणि हाती त्या सालच्या परहाटीचा कापूसही नसतो.

म्हणून तेरवीच्या गडबडीतही काही कामं मागे ठेवू नयेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. नंतर विलंब शुल्क लागतं, ३० दिवसांनंतर वरची परवानगी लागते. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. दाखल्यावरचं नाव आधार आणि सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर जुळवावं. सातबाऱ्यावर "बापू" आणि आधारवर पूर्ण नाव, एवढ्यावरून फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावाचा बदल, महिनोन्‌महिने अडतो. तहसीलला आणि बँकेला वेगवेगळा लेखी अर्ज द्यावा आणि दोन्हीकडे पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. किसान सन्मानचं तालुका कृषी कार्यालयाला कळवावं. सगळ्यात महत्त्वाचं, त्या खात्याचं एटीएम कार्ड त्या दिवसापासून वापरू नये. पैसे खात्यात पडून असतील तर परत करणं सोपं. काढून खर्च झाले, की फसवणुकीचा आळ येतो.

नोटीस आलीच तर कोणत्या महिन्याचे किती, याचा तपशील लेखी मागावा आणि पैसे भरले की पावती घ्यावी. मृत्यूच्या तारखेआधीचा महिना त्यात धरला असेल तर तिथेच हरकत घ्यावी. कोणी "तुमच्या पगारातून कापू" म्हटलं तर घाबरू नये. वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेलं बापाचं कर्ज, निव्वळ मुलगा आहे म्हणून हिंदू मुलाच्या माथी मारता येत नाही.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर मुदत घ्या. ओहायोत मेडिकेड घेणाऱ्याची मालमत्ता हाती आलेल्याने ३० दिवसांत राज्याला फॉर्म भरून कळवायचं. मग तो फॉर्म मिळाल्यापासून ९० दिवस किंवा मृत्यूपासून १ वर्ष, यांतलं जे नंतर येईल, तोवर राज्याने दावा करायचा. त्याच्या आत नाही केला तर हक्क गेला. आपल्या वसुलीलाही असा शेवटचा दिवस हवा. शिवाय दवाखान्यातली मृत्यूनोंद आपोआप तहसीलपर्यंत पोचायला हवी. गावाने भांडायचं तर या दोन गोष्टींसाठी भांडावं.

वारस नोंद हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ३ महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. आधी गाव नमुना ६-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, वारस लागतात, मग फेरफार, १५ दिवसांची नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरूनही होतो. पिढ्या उलटल्या तरी मेलेल्यांची नावं सातबाऱ्यावर इतकी राहिली, की सरकारला २०२५ मध्ये बुलडाण्यापासून सुरू करून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम घ्यावी लागली. किसान सन्मानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी, पण वारसाने आलेल्या जमिनीला ती अट नाही. म्हणजे फेरफार झाला की घरचा कास्तकार स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, आणि बापाच्या खात्यावर डोळा ठेवायची वेळ येत नाही.

आणि हे आम्हा बाहेर राहणाऱ्यांसाठी. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. म्हणून सातबाऱ्यावरचं ते एक नाव आम्ही सोडत नाही. मलाही सोडवत नाही. मी तिथला आहे असं म्हणणारा तेवढाच सरकारी कागद उरला आहे. पण त्या नावापायी गावातल्या भावाचं पीककर्ज दर हंगामात अडतं, कारण बँक सगळ्या खातेदारांची संमती मागते. नाव ठेवायचं तर त्याला मुखत्यारपत्र द्यावं. ते वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलं, की भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं.