‘आयपी ६८ घ्या आणि पावसाळा विसरा’: या मेसेजमधलं काय चुकतं

पावसाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘कॅमेरा, गेटची मोटर, ईव्ही चार्जर, पंपाचं पॅनेल, काहीही उघड्यावर बसवताना आयपी नंबर बघा. आकडा जितका मोठा तितकी पेटी पक्की. ६५ पेक्षा ६७ भारी, ६८ सगळ्यात भारी, पाण्यात टाकली तरी आत थेंब जात नाही. वरून सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवून टाका. नंबर सरकारी असतो, त्यामुळे फसवणूक होत नाही.’

आयपी नंबर बघा, एवढं बरोबर आहे. त्यापुढचं जवळजवळ प्रत्येक वाक्य खर्चात पाडणारं आहे.

‘६५ पेक्षा ६७ भारी, ६८ सगळ्यात भारी’

आयपी म्हणजे इनग्रेस प्रोटेक्शन, बाहेरचं आत शिरण्यापासूनचं संरक्षण. हा आकडा अडुसष्ट नाही. सहा आणि आठ हे दोन वेगळे आकडे आहेत. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात (आपल्याकडे आयएस/आयईसी ६०५२९) पहिला आकडा धुळीचा, खालच्या पायऱ्यांवर बोट-सळईसारख्या घन वस्तूंचा. तो ६ पर्यंतच जातो. ५ म्हणजे थोडी धूळ गेली तरी चालेल, काम बिघडता कामा नये. ६ म्हणजे धूळ अजिबात जाता कामा नये. दुसरा आकडा पाण्याचा, ० ते ९. एखाद्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्याचा अर्थ शून्य नाही, त्या बाजूचा दावाच केलेला नाही.

पाण्याचा आकडा ६ पर्यंत पायऱ्यांसारखा चढतो: ६ पास झालेल्या पेटीत खालचे सगळे आले. ७ पासून परीक्षाच बदलते. ५ साठी ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर पाणी, अडीच ते तीन मीटरवरून, सगळ्या बाजूंनी, किमान तीन मिनिटं मारतात. ६ साठी नोझल १२.५ मिलिमीटरचं आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. ७ मध्ये मात्र पेटी स्थिर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवतात, लहान पेटीचा तळ पृष्ठभागाखाली १ मीटरवर. बुडवल्यावर पाण्याचा दाब सगळीकडून सारखा येतो आणि झाकण उलट गॅस्केटवर (झाकणाच्या कडेच्या रबरी पट्टीवर) आवळलंच जातं. फवारा एकाच जागी, कडेने, वेगात बसतो आणि गॅस्केटची कड उचलू शकतो. म्हणून बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेली पेटी फवाऱ्यात नापास होऊ शकते. मानकातही स्पष्ट आहे की ७ किंवा ८ मध्ये ५ आणि ६ गृहीत धरायचे नाहीत. दोन्ही हवं असेल तर छाप ‘आयपी ६६/६७’ अशी दुहेरी लागते.

गच्ची, कंपाउंडची भिंत, खांब इथे पेटी बुडत नाही, तिच्यावर पाणी आपटतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांवर वरच्या मजल्यांना पाऊस आडवा येतो. तिथे ६६ मागा, आडोशाला ६५ पुरे. नुसता ६७ छापलेला डबा तिथे चुकीची खरेदी ठरू शकते, आणि तीही जास्त पैसे मोजून.

९ सुद्धा ‘सगळ्यात वरचा’ नाही. ती ८० अंश तापलेल्या पाण्याची, ८० ते १०० बार दाबाची, जवळून मारायची वेगळीच परीक्षा आहे. अन्न कारखान्यांतल्या धुलाईसारख्या कामांसाठी. इथे पोडियममधल्या (इमारतीखालच्या पार्किंगमधल्या) गाड्या धुणाऱ्यांसाठी एक सूचना: घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा १०० बारच्या पुढे जातो. ६५ पासून ६८ पर्यंतचा कुठलाही आकडा त्याची हमी देत नाही, आणि ईव्ही चार्जर बरेचदा आयपी ५४ चा असतो, म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरता.

‘पाण्यात टाकली तरी थेंब जात नाही’

८ साठी किती खोल आणि किती वेळ हे मानक ठरवत नाही. ते उत्पादक आणि वापरणारा मिळून ठरवतात. अट एवढीच की ७ पेक्षा कडक हवं. म्हणून एका फोनचा ६८ दीड मीटरचा असतो आणि दुसऱ्याचा सहा मीटरचा. खोली आणि वेळ न सांगणारा ६८ हा अर्धाच आकडा आहे. शिवाय पाण्याच्या परीक्षांत आत थोडं पाणी सापडलं तरी पेटी पास होऊ शकते, त्याने काम बिघडत नसेल आणि सुरक्षितता जात नसेल तर.

पेटी खरोखर बुडते अशा जागा आहेत: तळघर, पंप रूम, बागेतले जमिनीत गाडलेले दिवे, गेटच्या मोटरचा पाया. नवी मुंबईत मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आले की पावसाचं पाणी खाडीत उतरत नाही. सिडकोने धारण तलाव (तेवढ्यापुरतं पावसाचं पाणी साठवणारे) बांधले ते यासाठीच. तिथेही पंपाचं पॅनेल आयपी ६७ मध्ये शोधत बसण्यापेक्षा भिंतीवर वर चढवणं स्वस्त पडतं आणि जास्त खात्रीचं असतं.

‘सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवा’

सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो. मेच्या उन्हात गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीची आतली हवा ६० अंशांपर्यंत सहज जाते. वळवाची सर आली की ती काही मिनिटांत २५ अंशांकडे उतरते. पेटी घट्ट असेल तर आतला दाब सुमारे १० टक्क्यांनी, म्हणजे १० किलोपास्कलच्या आसपास घसरतो. १ मीटर पाण्याखालचा दाब तेवढाच असतो. म्हणजे भिंतीवरच्या पेटीवर आयपीतल्या ७ च्या परीक्षेइतका ताण येतो, आणि त्याच वेळी तिच्यावरून पाणी वाहत असतं. प्रयोगशाळेत हे घडत नाही: बुडवताना पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत, आणि धुळीच्या परीक्षेत पेटीतली हवा ओढतात ती जास्तीत जास्त २ किलोपास्कलपर्यंत.

हा दाब भरून काढायला पेटी मिळेल तिथून हवा ओढते: गॅस्केटच्या कडेतून, ग्लँडच्या (केबल जिथून आत येते त्या घट्ट जोडणीच्या) आट्यांतून आणि केबलच्या आतून. बाहेरच्या आवरणाखाली, तारांच्या मधल्या पोकळीत पाणी फूटभर सहज सरकतं. त्याला बाहेरचं सिलिकॉन अडवत नाही. आत आलेल्या पाण्याचा बाहेरचा रस्ता मात्र बंद करतं. बाष्पाचंही तेच. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचं दव २६ अंशांना पडतं. २० लिटरच्या पेटीत एका वेळी जेमतेम अर्धा ग्रॅम बाष्प मावतं, पण रोज आत-बाहेर करून महिनाभरात टर्मिनल हिरवी पडायला ते पुरतं.

उपाय म्हणजे पेटीला हवा जाऊ द्यायची, पाणी नाही. ईपीटीएफई पडद्याचा (हवा जाऊ देणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याचा) व्हेंट प्लग मिळतो, साधारण एम १२ म्हणजे १२ मिलिमीटर आट्यांचा. पेटीच्या रेटिंगइतकाच रेटिंग असलेला घ्या, बाजूला किंवा तळाला बसवा. मोठ्या पॅनेलला तळाशी ब्रीदर-ड्रेन (हवा घेणारा आणि साठलेलं पाणी सोडणारा प्लग), आणि थर्मोस्टॅटवर चालणारा छोटा हीटर. तळाला ५ मिलिमीटरचं भोक पाडून मोकळं होऊ नका: त्यातून २.५ मिलिमीटरची सळई आत जाते, आणि पहिल्या आकड्यात ३ साठी ती जाता कामा नये, म्हणजे पेटी कागदोपत्री आयपी २ एक्स झाली. मुंग्या आणि पाली वेगळ्याच. सिलिका जेलची पुडी उघड-मीट होणाऱ्या पेटीत लवकरच ओलाव्याने भरून जाते, मग ती नुसती जागा अडवते.

सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. गॅस्केटवर तर कुठलंच नको. पुढच्या वेळी झाकण उघडताना गॅस्केट त्याच्यासोबत फाटून येतं.

‘पेटी पक्की म्हणजे काम पक्कं’

हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही, पण धरून चाललेलं आहे. छापलेला आकडा कारखान्यातल्या पेटीचा असतो. वायरमनने ड्रिल लावलं की पुढची जबाबदारी त्याची.

- भिंतीवर ठोकताना पेटीच्या पाठीत आतून स्क्रू मारू नका. बाहेरचे कान किंवा त्यासाठी दिलेल्या जागा वापरा.
- केबल तळातून घ्या आणि ग्लँडच्या आधी झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच खाली ठिबकेल.
- ग्लँड केबलच्या जाडीचा हवा. पीजी १३.५ (ग्लँडचं एक माप) साधारण ६ ते १२ मिलिमीटरच्या गोल केबलला बसतो. एका ग्लँडमधून दोन केबल ओढल्या की मधली फट उघडीच राहते. दोन भोकांचं रबर इन्सर्ट लावा. न वापरलेल्या भोकांना प्लग.
- झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळा. चारपैकी तीनच लावलेले असतील तर आकडा विसरा.
- कॅमेरा आयपी ६७ असतो, त्याच्या शेपटीचा कनेक्टर नसतो. तो टेपने गुंडाळून भिंतीवर लोंबता ठेवू नका, जंक्शन बॉक्समध्ये घ्या.

गॅस्केट तपासायला वर्तमानपत्राची पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडकली पाहिजे. जिथे सुळकन निघते तिथून पाणी जाणार.

‘खाडीजवळ ६८ घेतलं की झालं’

हेही मेसेजमध्ये लिहिलेलं नाही, धरून चाललेलं आहे. परीक्षा गोड्या पाण्याची असते. खारी हवा, ऊन, गंज यांबद्दल आयपी काहीच सांगत नाही. धक्क्यासाठीही वेगळा आयके आकडा आहे. वाशी, ऐरोली, कोपरखैरणेच्या खाडीकडच्या बाजूला पावडर कोटिंगचा पत्रा आधी बिजागरीला आणि गॅस्केट टेकते त्या कडेला गंजतो. गंज फुगून गॅस्केट उचलतो आणि ६६ ची पेटी शिंतोड्यालाही टिकत नाही. तिथे पॉलिकार्बोनेट किंवा फायबरची पेटी घ्या, ऊन सोसणाऱ्या दर्जाची. स्टीलच हवं असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस. ३०४ वर तांबूस डाग पडू लागतात. तळोजा किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांशेजारी गॅस्केटचं रबर त्या वायूंना टिकणारं आहे का, हेही विचारा.

‘नंबर सरकारी असतो’

मानक सरकारने स्वीकारलेलं आहे, पेटीवरचा छाप उत्पादकाचा आहे. तो स्वतःच्या जबाबदारीवर छापता येतो. विक्रेत्याकडे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा टाइप टेस्ट रिपोर्ट (त्या मॉडेलच्या नमुन्यावरच्या परीक्षेचा अहवाल) मागा आणि त्यात चार गोष्टी बघा: मॉडेल नंबर तुमच्याच पेटीचा आहे का, परीक्षा ग्लँड लावून झाली की भोकं नसलेल्या कोऱ्या डब्यावर, पाण्याच्या दोन्ही परीक्षा झाल्या की फक्त बुडवण्याची, आणि ६८ असेल तर किती मीटर, किती वेळ. रिपोर्टऐवजी नुसतं कॅटलॉगचं पान आलं, तर ऑर्डर देऊ नका.